न्यू जर्सीची 'लाइन': मतपत्रिकेची मांडणी निकाल कसा हलवते

प्रश्न असा आला आहे: 'मी न्यू जर्सीत राहते. नागरिक झाल्यावर प्रायमरीत पहिल्यांदाच मत दिलं. मतपत्रिका सरळ होती, वर पद आणि त्याखाली नावं. शेजारच्या काकू म्हणाल्या की पूर्वी असं नव्हतं, एक "लाइन" असायची, ती धरून खाली यायचं की झालं, पण कोर्टाने ती बंद पाडली. नावं सगळ्यांचीच छापली जात होती आणि मोजणीही प्रामाणिक होती, तर नुसत्या मांडणीवरून खटला कसला? कागदाने असा काय फरक पडतो?'

पडतो. आणि प्रायमरीत तो इतर निवडणुकांपेक्षा जास्त पडतो. का, ते सांगायला थोडी जागा घेते.

आधी माझ्याविषयी दोन शब्द, म्हणजे माझं बोलणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पुण्यात एका छापखान्यात मी आठ वर्षं अर्ज, पावतीपुस्तकं, प्रगतिपुस्तकं यांची जुळणी केली. इकडे आल्यावर दवाखान्यांचे आणि विम्याचे फॉर्म मांडणं हेच पोटापाण्याचं काम झालं. शिवाय बारा-तेरा वर्षं मतदान केंद्रावर बोर्ड वर्कर म्हणून बसते आहे. पहाटे सव्वापाचला हजर व्हायचं, सहाला दार उघडायचं, रात्री आठला बंद करायचं, मग आवराआवर. फॉर्मच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: लोक फॉर्म वाचत नाहीत, भरतात. डोळा जिथे आपसूक जातो तिथे पेन टेकतं. चुकीच्या रकान्यात जन्मतारीख लिहिणारी माणसं बावळट नसतात, रकानाच बावळट असतो.

आता प्रायमरी. आपल्याकडच्या कुणाला ही भानगड समजावताना मी एकच गोष्ट सांगते. मतदान यंत्राचं बॅलट युनिट डोळ्यांपुढे आणा आणि त्यावरच्या सगळ्या उमेदवारांपुढे एकच चिन्ह छापलंय अशी कल्पना करा. दहा नावं, दहाही कमळं, किंवा दहाही पंजे. काय कराल? एरवी चिन्ह तुमचं निम्मं काम करून टाकतं. उमेदवार कोण हे ठाऊक नसलं तरी पक्ष ठाऊक असतो. प्रायमरी म्हणजे एकाच पक्षाच्या आतली निवड, त्यामुळे ती खूण तिथे मुळातच नाही. वरची एकदोन पदं सोडली तर खालची नावं फार थोड्यांना माहीत असतात. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं; तिच्या कमिशनरपदाला कोण उभंय हे मला स्वतःला, केंद्रावर बसणाऱ्या बाईला, दोनदा घरी येऊन शोधावं लागलंय. अशा वेळी मतदार दुसरी खूण शोधतो. आणि कागदावर दुसरी खूण एकच उरलेली असते: कोणाचं नाव कुठे आहे.

खूण किती बळकट असते ते महाराष्ट्राने चांगलं पाहिलंय. २०१४ साली रायगडमध्ये अनंत गीते सुनील तटकरेंविरुद्ध २,११० मतांनी निवडून आले. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे नावाचा आणखी एक अपक्ष होता आणि त्याला ९,८४९ मतं पडली. २०२४ ला साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. त्यांचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि ज्याला लोक पिपाणी म्हणत होते ते नुसत्या वाद्याचं चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मतं. ही सगळी मतं चुकून गेली असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण चिन्ह असतानाही एवढा घोळ होतो, तर चिन्हच नसलेल्या कागदावर काय होत असेल याचा अंदाज करा.

न्यू जर्सीने त्या रिकाम्या जागी एक खूण बसवली. तीच 'लाइन'.

राज्यात २१ काउंट्या. त्यांपैकी सेलम आणि ससेक्स सोडून १९ ठिकाणी मतपत्रिका एखाद्या वेळापत्रकासारखी असायची: एका बाजूला पदं, आणि आडवे-उभे चौकोन. काउंटीच्या पक्ष-संघटनेने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे एकाच कॉलममध्ये, एकाखाली एक. सगळ्यात वर राष्ट्राध्यक्ष, सेनेटर किंवा गव्हर्नर, मग काँग्रेस (पक्ष नव्हे, इथल्या संसदेचं खालचं सभागृह), मग राज्याचं विधिमंडळ, मग काउंटी, कधीकधी थेट गावाच्या कौन्सिलपर्यंत. प्रत्येकाच्या नावाबरोबर एकच घोषवाक्य. वरचं नाव ओळखीचं, बहुधा दर घरात माहीत असलेलं. खालची त्याच्या बोटाला धरून चाललेली. काही काउंट्यांत हाच प्रकार उभ्याऐवजी आडव्या रांगेत, पण गंमत तीच.

बाकीच्यांचं काय? ज्याला पाठिंबा नाही तो दुसऱ्या, तिसऱ्या, कधी सातव्या कॉलममध्ये. त्याच्या वर रिकामे चौकोन, खाली रिकामे चौकोन. मध्येच एकटं नाव, लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं. राजकारणातले लोक या जागेला 'बॅलट सायबेरिया' म्हणत. आपण अंदमान म्हणू. कधीकधी एकाच पदासाठी एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोघे एकाच कॉलममध्ये वर-खाली यायचे. मतदाराला वाटायचं, कॉलम एकच आहे म्हणजे पदं वेगळी असतील. तो दोघांनाही मत द्यायला जायचा. मशीन अडवतं, टपालाच्या कागदाला अडवणारं कोणी नाही. त्या पदापुरतं मत बाद.

माझ्या व्यवसायाच्या नजरेतून सांगते. रांग पूर्ण भरलेली दिसली की डोळा ती 'मुख्य' समजतो आणि तुटक रांगा 'इतर' समजतो. हे शिकवावं लागत नाही. हॉटेलच्या मेनूकार्डावर चौकटीत छापलेली थाळी जास्त खपते, तसंच हे. फरक इतकाच की मेनूकार्ड हॉटेलचं असतं आणि मतपत्रिका सरकारची. पक्षाने आपल्या उमेदवाराची पत्रकं वाटावीत, घरोघर जावं, जाहिराती द्याव्यात, तो त्याचा हक्क आहे. पण इथे पक्षाची शिफारस सरकारी खर्चाने, सरकारी कागदावर, मत देण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी मतदारापुढे ठेवली जात होती. आम्हा बोर्ड वर्करना सक्त ताकीद असते की मतदाराला कोणाचंही नाव सुचवायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. आम्ही गप्प बसायचो आणि कागद बोलायचा.

माझ्या केंद्रावर एक गुजराती आजोबा दर वेळी येत. हातात घरी टपालाने आलेलं नमुना बॅलट आणि पक्षाचं पत्रक, त्यावर 'कॉलम एक' असं मोठ्या अक्षरात. ते मला विचारत, 'बेन, पहिली लाइन ना?' मी म्हणायची, 'काका, मला सांगता येत नाही.' मग ते हसून आत जात आणि अर्ध्या मिनिटात बाहेर. या माणसाला मी दोष देत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पंचवीस नावं वाचायला लावणं हाच मुळात जुलूम आहे.

पहिली लाइन कोणाला मिळते यात तर खरी कारागिरी होती, आणि बहुतेकांना ती माहीत नसते. कायद्याने आधी सेनेटर किंवा गव्हर्नरपदाच्या उमेदवारांच्या चिठ्ठ्या निघत. कॉलम क्रमांक एक कोणाला, हे त्या सोडतीत ठरे. त्या उमेदवाराशी जे 'ब्रॅकेट' झालेले, म्हणजे एकत्र छापायला संमती दिलेले, ते आपोआप त्याच्याबरोबर त्या कॉलममध्ये. आता समजा तुम्ही काँग्रेससाठी एकट्या उभ्या आहात, सेनेटच्या कोणाशी तुमचं जमत नाही. तुम्ही त्या पहिल्या सोडतीतच नाही. चिठ्ठीत नाव नसल्यावर नशीब कितीही चांगलं असून काय उपयोग? पहिला कॉलम मिळण्याची शक्यता शून्य, मग उरलेल्या जागांत तुमची सोय. म्हणजे चांगली जागा हवी तर कोणाशी तरी हातमिळवणी कराच, मग तो माणूस तुम्हाला पटो न पटो. खटल्यात घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा मुद्दा आला तो इथे: कोणाबरोबर जायचं आणि कोणाबरोबर नाही हे ठरवण्याचं स्वातंत्र्य.

पाठिंबा कसा ठरे तेही सारखं नव्हतं. काही काउंट्यांत पक्षाचं अधिवेशन भरून गुप्त मतदान होई, काही ठिकाणी काउंटी अध्यक्षाचा शब्द शेवटचा. त्यामुळे अध्यक्षाच्या हातात जी ताकद यायची ती कुठल्याही निवडून आलेल्या पदाला लाजवेल अशी. विद्यमान आमदारसुद्धा त्याला दुखवायला धजत नसे, कारण पुढच्या जूनमधल्या प्रायमरीत लाइन जाण्याची भीती.

आकड्यांकडे वळू. रटगर्स विद्यापीठातल्या जूलिया सास रुबिन यांनी २००२ ते २०२२ या काळातल्या सेनेट, काँग्रेस आणि गव्हर्नरपदाच्या प्रायमरी तपासल्या. त्यांची पद्धत मला आवडते, कारण ती साधी आहे. एकच उमेदवार, काही काउंट्यांत लाइन त्याच्याकडे, काही काउंट्यांत प्रतिस्पर्ध्याकडे. दोन्हीकडच्या कामगिरीत किती अंतर? सरासरी ३८ टक्क्यांचं. निवडणुका एकदोन टक्क्यांवर फिरतात तिथे ३८.

पण हा आकडा ऐकून कोणी लगेच 'बघा, नुसत्या छपाईने ३८ टक्के!' म्हणायला लागलं तर मी थांबवते. तो सगळा छपाईचा नाही. जिथे पक्षाचा पाठिंबा असतो तिथे पैसा, कार्यकर्ते, टपालाची पत्रकं हेही बरोबर येतात. बऱ्याचदा उमेदवार त्या भागातलाच असतो म्हणूनही पाठिंबा मिळालेला असतो. मांडणीचा वाटा वेगळा काढायचा तर त्याच माणसांना वेगवेगळ्या मतपत्रिका दाखवून प्रयोग करावे लागतात. तसेही झाले आणि कोर्टापुढे आले. शिवाय लाइन म्हणजे ब्रह्मलिखित नव्हतं. २०२० मध्ये दक्षिणेकडच्या दुसऱ्या काँग्रेस मतदारसंघात ब्रिजिड हॅरिसन यांना बहुतेक काउंट्यांचा पाठिंबा होता, एमी केनेडींकडे मोठी अटलांटिक काउंटी. केनेडी जिंकल्या, आणि ठसठशीत जिंकल्या. आणि २०१८ ला सेनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावरच्या खटल्याचा धुरळा अजून बसला नव्हता, तेव्हा लिसा मॅकॉर्मिक या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या उमेदवाराला लाइनविना ३८ टक्के मतं मिळाली. लोक चिडले की लाइन ओलांडतात. एरवी ओलांडत नाहीत.

आता तुमच्या काकू म्हणतात तो खटला. सप्टेंबर २०२३ मध्ये मेनेंडेझ यांच्यावर नवा आरोप दाखल झाला. दुसऱ्याच दिवशी काँग्रेसमन अँडी किम यांनी सेनेटची उमेदवारी जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या, आणि काही दिवसांतच मोठमोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला. त्या याआधी कोणतीही निवडणूक लढल्या नव्हत्या. जनमत चाचण्यांत किम पुढे, कागदावर मर्फी पुढे. जिथे अधिवेशनात गुप्त मतदान झालं, उदाहरणार्थ फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉनमथला, तिथे किम जिंकले. प्रतिनिधींना गुपचूप विचारलं तर एक उत्तर आणि अध्यक्षांना उघड विचारलं तर दुसरं, ही विसंगती त्या वर्षी राज्याने डोळ्यांनी पाहिली.

फेब्रुवारीच्या अखेरीस किम आणि आणखी दोन उमेदवारांनी संघीय न्यायालयात काउंटी क्लर्कांवर, म्हणजे मतपत्रिका तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांवर, दावा लावला. हेही सांगायला हवं की आधीच्या निवडणुकांत किम स्वतः लाइनवर लढले होते. तिचा फायदा त्यांनाही झाला होता. १८ मार्चला ट्रेंटनला सुनावणी झाली. तिच्या आदल्या दिवशी राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल मॅट प्लॅटकिन यांनी न्यायालयाला पत्र लिहून कळवलं की हा कायदा घटनेशी विसंगत वाटतो, आपण त्याचा बचाव करणार नाही. २४ मार्चला टॅमी मर्फींनी माघार घेतली. २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरता लाइन वापरायला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला, आणि १७ एप्रिलला वरच्या कोर्टाने, म्हणजे थर्ड सर्किटने, तो कायम केला. प्रतिस्पर्धी निघून गेल्यावरही किम यांनी दावा मागे घेतला नाही, आणि याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

क्लर्कांचा एक युक्तिवाद मला जुन्या छापखान्याची आठवण करून देणारा होता. वेळ कमी आहे, मशीनला जमणार नाही, गोंधळ होईल. आमचे मालकही नवीन फॉर्म आला की असंच म्हणायचे, आणि संध्याकाळपर्यंत प्रूफ तयार असायचं. प्रिन्स्टनचे संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू ॲपल यांनी साक्ष दिली की याच मशीन दुसऱ्या ठिकाणी पदवार मतपत्रिका बिनबोभाट चालवतात. ते खरं ठरलं. ४ जून २०२४ ला डेमोक्रॅटिक मतपत्रिका पदवार होती आणि रिपब्लिकन मतपत्रिका अजून जुन्या पद्धतीचीच. एकाच खोलीत, एकाच टेबलावरून आम्ही दोन तऱ्हेचे कागद देत होतो. किम यांना सुमारे तीन चतुर्थांश मतं मिळाली. मार्च २०२५ मध्ये राज्याने कायदा बदलून दोन्ही पक्षांसाठी पदवार मांडणी आणली. तुम्ही पाहिलीत ती हीच.

ते आजोबा त्या जूनमध्येही आले. पत्रकावर या वेळी कॉलम नव्हता. आत बराच वेळ लागला, मागे दोन माणसं खोळंबली. बाहेर आल्यावर म्हणाले, 'बेन, आज चश्मा लाववो पड्यो.'

लाइन गेली म्हणजे सगळं न्याय्य झालं का? नाही, आणि इथे मी जरा हट्टी आहे. पदवार मांडणीतही कोणीतरी पहिलं असतंच. वर असण्याचा फायदा ३८ टक्क्यांचा नसतो, पण असतो. हे सर्वांत नीट मोजलं गेलं कॅलिफोर्नियात, कारण तिथे १९७५ पासून वर्णमालेचीच सोडत काढतात: अक्षरांचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो, आणि राज्यव्यापी पदांसाठी तो क्रम एका असेम्ब्ली मतदारसंघातून दुसऱ्यात एकेक घर सरकत जातो. म्हणजे न मागता प्रयोगशाळाच तयार. डॅनियल हो आणि कोसुके इमाई यांनी १९७८ ते २००२ च्या निकालांवर काम केलं. प्रायमरीत मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना पहिल्या जागेचा एक ते तीन टक्के लाभ; आणि तपासलेल्या प्रायमरींपैकी १२ टक्क्यांपर्यंत लढतींत नुसत्या क्रमाने विजेता बदलला असण्याची शक्यता. सार्वत्रिक निवडणुकीत मोठ्या पक्षांना हा लाभ फारसा दिसला नाही, कारण तिथे पक्षाचं नाव शेजारी असतं. चिन्हाचं मी वर म्हटलं ते हेच.

सोडत काढली म्हणजे न्याय झाला, असं बरेच जण समजतात. सोडतीने सगळ्यांना संधी सारखी मिळते, फायदा मात्र एकालाच. २००८ ची न्यू हॅम्पशायरची राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी आठवा. तिथे अक्षराची एकच सोडत झाली आणि सगळ्या राज्यात तोच क्रम छापला गेला. चिठ्ठीत 'झेड' निघालं, म्हणून यादी फिरून 'ए'पासून सुरू: बायडेन सर्वांत वर, क्लिंटन वरच्याच नावांत, ओबामा खाली कुठेतरी. हिलरी क्लिंटन तीन टक्क्यांहून कमी फरकाने जिंकल्या. स्टॅनफर्डचे जॉन क्रॉसनिक यांनी तेव्हाच लिहिलं की चाचण्या चुकल्या त्यात या क्रमाचा हात असावा. तो वाद आहे, सिद्धान्त नव्हे; पण फरक आणि फायदा एकाच मापाचे असावेत हे काही बरं नाही.

खरा उपाय म्हणजे फिरता क्रम. ओहायोत प्रिसिंक्टगणिक, म्हणजे मतदानाच्या छोट्या विभागागणिक, नावं फिरतात: इथे पहिला तो शेजारच्या प्रिसिंक्टात शेवटी. फायदा सगळ्यांत वाटला जातो. याला किंमत आहे, लपवत नाही. एकाऐवजी अनेक आवृत्त्या छापायच्या, प्रत्येकीचं प्रूफ वाचायचं, मोजणीच्या मशीनला कोणता चौकोन कोणाचा हे प्रत्येक आवृत्तीसाठी सांगायचं. एक आवृत्ती चुकली तर मतं दुसऱ्याच्या खात्यात. मी प्रूफं तपासलीत, म्हणून ही भीती मला खरी वाटते. तरीही निम्मं काम आता संगणक करतो, आणि गव्हर्नरपदाच्या २०२५ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसारखे सहा-सहा उमेदवार असले की एका टक्क्याचंही मोल असतं.

बाकी बारकावे एका दमात सांगते. एका पदाची नावं दोन कॉलमांत तोडायची नाहीत. सूचनांच्या खाली एखादं पद दडवायचं नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत सेनेटची लढत तशी डावीकडे सूचनांखाली गेली आणि हजारो लोकांनी ती ओलांडून पुढचं मत दिलं. सगळ्या नावांना एकच टाइप, एकच आकार. २००० सालच्या फ्लोरिडातल्याच पाम बीचच्या 'फुलपाखरू' मतपत्रिकेचं (नावं समोरासमोरच्या दोन पानांवर, मधोमध भोकांची एकच रांग) नाव सगळे घेतात, पण ती बिघाडाची गोष्ट आहे: कोणाचाही तसा हेतू नव्हता. लाइन बिघडलेली नव्हती. ती जशी बनवली होती तशीच चालत होती, आणि बनवणारे तिच्यावर खूष होते.

राहता राहिला तुमचा पुढचा जून. पदवार मतपत्रिकेतही नावाखाली घोषवाक्य छापायची मुभा आहे, सहा शब्दांपर्यंत. काउंटीच्या संघटनेने पाठिंबा दिलेला उमेदवार तिथे संघटनेचं नाव लावतो. त्यात गैर काही नाही, ती माहितीच आहे आणि काहींना ती हवीही असते. फक्त ते पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांचं मत आहे, निवडणूक अधिकाऱ्याचं नव्हे, एवढं लक्षात ठेवा. नमुना बॅलट आधी घरी येतं. ते फ्रिजवर लावा, खालच्या पदांची नावं रविवारी चहा घेताना शोधा आणि खुणा करून तोच कागद बरोबर आणा. चालतं, आम्ही अडवत नाही.